समुद्री टँकचं प्लंबिंग करताय? या चुका टाळा, नाहीतर लाइट गेल्यावर कळतं

आमच्या पहिल्या समुद्री टँकच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल ठेवायच्या काचेच्या टाकीच्या वेळची गोष्ट. रात्री कधीतरी लाइट गेली, आम्ही सगळे झोपेत, सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला तर चपचप. हॉलभर खारं पाणी, शोकेसचं प्लायवूड फुगलेलं, आणि खालच्या काकूंच्या सीलिंगला ओल आली ती वेगळीच. टँक फुटला नव्हता की पाइप सुटला नव्हता, सगळं जसं जोडलं होतं तसंच होतं, जोडतानाच चुकलं होतं. म्हणून मनापासून सांगतोय, फिल्टर कुठला आणि स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) कुठला यावर महिना घालवता ना, तेवढाच वेळ पाइपांना द्या.

झालं काय होतं ते नीट बघा. वर टँक, खाली स्टँडमध्ये दुसरी छोटी टाकी म्हणजे संप, ओव्हरफ्लोमधून (टँकच्या वरच्या बाजूला पाणी बाहेर पडायची वाट) पाणी खाली येतं आणि रिटर्न पंप ते परत वर ढकलतो. लाइट गेली की पंप थांबतो पण पाणी लगेच थांबत नाही, ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंतचं खाली येतं आणि त्यावर रिटर्नचा पाइप उलटा सायफन होऊन टँकमधलं पाणी ओढत राहतो, त्याच्या तोंडाला हवा लागेपर्यंत. माझा टँक ४ फूट बाय दीड फूट, म्हणजे पाणी १ इंच उतरलं की साधारण १४ लिटर खाली. आवाज नको म्हणून रिटर्नचं तोंड मी पाण्यात ४ इंच खोल ठेवलेलं. म्हणजे झाले ५६ लिटर, आणि संपमध्ये जागा होती जेमतेम २० ची.

त्यामुळे रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीच्या अर्धा-पाऊण इंच खालीच ठेवा. शिवाय पातळीच्या किंचित खाली पाइपला बारीक भोक पाडा, पाणी उतरलं की तिथून हवा आत जाते आणि सायफन तुटतो. हे भोक शेवाळाने किंवा एखाद्या गोगलगायीने बुजतं, म्हणून दर आठवड्याला टूथपिक फिरवायची. "नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावला की झालं" असं दुकानात सांगतात, पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या या व्हॉल्व्हवर एकट्यावर विसंबू नका. समुद्री पाण्यात त्याच्या झडपेवर कॅल्शियम आणि कचरा बसतो, मग ती पूर्ण मिटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची टेस्ट, जी मी केली नव्हती. मीठ घालायच्या आधी, साध्या पाण्यावर. पंप बंद ठेवून, वरचं पाणी उतरून थांबलं की संप काठाच्या दोन बोटं खालपर्यंत भरा. मग पंप चालू करा, पातळी स्थिर झाली की संपमधल्या रिटर्न पंपाच्या कप्प्यावर पर्मनंट मार्करने रेघ मारा. चालू पंपावर पाणी या रेघेच्या वर कधीच भरायचं नाही. नंतर उलटंही तपासा, ड्रेन (टँकमधून संपमध्ये उतरणारा पाइप) चोंदला तर पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाणार, ते टँकच्या काठाखाली मावतंय का? आणि सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचा गोंद) लावल्यावर किमान २४ तास पाणी सोडू नका, घाई केली की जॉइंट पाझरतो.

ड्रेनचं म्हणाल तर एकच पाइप आणि त्यावर व्हॉल्व्ह, असं चुकूनही करू नका. एक गोगलगाय अडकली की वरून पाणी वाहायला लागतं. दोन पाइप ठेवा, एकावर व्हॉल्व्ह लावून फ्लो बारीक करा, दुसरा इमर्जन्सीचा, थोडा उंच आणि पूर्ण मोकळा. गुडगुड आवाजही यानेच जातो, कारण पहिला पाइप पाण्याने पूर्ण भरलेला राहतो आणि हवा ओढत नाही. काच ड्रिल करणार असाल तर आधी ती टफन्ड (तापवून कडक केलेली) आहे का विचारा, टफन्ड असेल तर ड्रिल टेकताच अख्खी काच चुरा होते.

फिटिंगबद्दल एक गोष्ट आपल्याकडे फार होते. प्लंबर नळाच्या सवयीने पितळी आटे असलेले फिटिंग लावून जातो, बाहेरून ते प्लॅस्टिकचंच दिसतं. पितळेत तांबं असतं, आणि तांबं म्हणजे कोळंबी, गोगलगाई आणि कोरल यांना विषच. प्रत्येक तुकडा हातात घेऊन आतून बघा, आटेसुद्धा प्लॅस्टिकचेच हवेत. लोखंडी क्लॅम्पही नको, गंजतात. सिलिकॉन बाथरूमचं अँटीफंगल नको, अ‍ॅक्वेरियमचंच घ्या. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून सुटा करता येणारा जॉइंट) लावा, नाहीतर साफ करायला दर वेळी करवत लागेल.

टँकभर बारीक बुडबुडे दिसत असतील तर आधी पंपाच्या कप्प्यातली पातळी बघा, बाष्पीभवनाने ती कमी झाली की पंप हवा ओढतो. एप्रिल-मे मध्ये पंखा लावला तर रोज काही लिटर उडतात. ती भर गोड्या पाण्याने घालायची, मीठ उडत नाही. आणि ते पाणी घरच्या आरओचं नको, बऱ्याच मशिनमध्ये चवीसाठी मिनरल घालतात किंवा नळाचंच थोडं पाणी मिसळतात. मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवणारं आरओ-डीआय पाणीच हवं, म्हणजे आरओनंतर डीआय गाळणीने उरलेले क्षारही काढलेलं.

स्किमरचा कप सारखा भरून वाहतोय? त्याला ठरावीक खोलीचं पाणी लागतं, बऱ्याच मॉडेलना ७ ते ९ इंच, म्हणून तो बॅफलने (संपमधल्या उभ्या आडपट्टीने) पातळी बांधलेल्या कप्प्यात ठेवा. नवा स्किमर पहिले काही दिवस वेड्यासारखा वागतो, रोज नॉब फिरवू नका. फिल्टर सॉक (ड्रेनच्या तोंडाशी लावलेली कापडी गाळणी) मात्र तीन-चार दिवसांनी बदलाच, आत अडकलेली घाण तिथेच कुजते आणि नायट्रेट वाढतं.

सगळ्या वायरी बोर्डापेक्षा खाली लोंबत्या ठेवा म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जात नाही, आणि त्या लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) हवाच, खाऱ्या पाण्यात हात घालताय. मी अजूनही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पंपाचा स्विच बंद करतो आणि पाणी स्थिर होईपर्यंत संपसमोर बसून राहतो. काठापासून किती बोटं खाली थांबलं ते बघतो, मगच स्विच चालू.