‘वी आर नो एंजल्स’ कसा पाहावा

सर्वप्रथम आपल्यासमोर योग्य चित्रपट आहे ना, याची खात्री करून घ्यावी. याच नावाचा एक चित्रपट १९८९ मध्येही आला होता. रॉबर्ट डी नीरो आणि शॉन पेन यांनी त्यात पळालेल्या कैद्यांच्या भूमिका केल्या आहेत, मात्र त्याची कथा बरीच निराळी आहे. येथे अभिप्रेत आहे तो मायकेल कर्टिझ यांनी दिग्दर्शित केलेला, हम्फ्री बोगार्ट, आल्डो रे आणि पीटर उस्तिनोव्ह यांचा १९५५ सालचा चित्रपट. तो पॅरामाउंटने व्हिस्टाव्हिजन या रुंद पडद्याच्या पद्धतीने आणि टेक्निकलर रंगांत काढला असल्यामुळे, शक्य असेल तर मोबाइलऐवजी मोठ्या पडद्यावर पाहावा. एकाच चौकटीत या तिघा नटांनी रंगवलेले पळालेले कैदी आणि ते ज्या घरात शिरतात तिथली माणसे एकत्र वावरतात, आणि संवाद एकाचा चालू असताना गंमत अनेकदा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर घडत असते.

पाहण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी माहीत असावी. कथा १८९५ च्या नाताळात, फ्रेंच गयानातील कायेन या गावी घडते. फ्रान्सने १८५२ पासून तेथे कैद्यांची वसाहत चालवली होती. तिचाच भाग असलेल्या डेव्हिल्स आयलंड या बेटावर देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेले फ्रेंच लष्करी अधिकारी कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांना १८९५ मध्येच आणून ठेवण्यात आले. अंदमानच्या काळ्या पाण्याचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला अशा वसाहतीची कल्पना करणे अवघड जाऊ नये. तेथे काही कैद्यांना गावात कामाला पाठवण्याची प्रथा होती, म्हणून कैद्यांच्या वेशातील तिघे दुकानात शिरून छप्पर दुरुस्त करून देतो म्हणाले, तरी दुकानदार दचकत नाही. हे ठाऊक नसेल, तर पहिली दहा-पंधरा मिनिटे उगाच अविश्वसनीय वाटतात.

पुढची सूचना वेगाविषयी आहे. हा चित्रपट आल्बेर युसाँ यांच्या फ्रेंच नाटकावरून घेतलेला आहे आणि त्याचे नाटकपण त्याने लपवलेले नाही: बहुतेक सारे प्रसंग दुकान आणि त्याला लागून असलेले घर एवढ्याच जागेत घडतात. पाठलाग आणि पळापळ यांची अपेक्षा ठेवून बसणाऱ्याची निराशा होईल. चांगली संगीत किंवा गद्य नाटके पाहण्याची सवय असलेला प्रेक्षक जसा प्रवेश-निर्गमनांकडे लक्ष ठेवतो, तसे येथे ठेवावे. कोण छपरावरून ऐकतो आहे, कोण दाराआड उभा आहे, हे कळले की संवादांची चव दुप्पट होते.

मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते या तिघांच्या हातांकडे, कारण माझ्या मते चित्रपटाचा सारा विनोद तेथे आहे. दुकान लुटून जहाजाने निसटायचे आणि गरज पडली तर घरातल्यांचे गळे कापायचे, असा त्यांचा बेत आहे. प्रत्यक्षात घडते ते असे, की प्रत्येकाच्या अंगचे कौशल्य त्या घराच्याच कामी येऊ लागते. बोगार्ट यांचा जोसेफ हा फसवणुकीत आणि बनावट कागदपत्रांत निष्णात. तो उधारीने बुडालेल्या दुकानाचे हिशेब हाती घेतो आणि टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यातही केसांचा ब्रश मारतो. उस्तिनोव्ह यांच्या ज्यूलला कुलुपे किल्लीवाचून उघडता येतात. आल्डो रे यांचा आल्बर्ट आडदांड खरा, पण बेशुद्ध पडलेल्या घरातल्या मुलीला उचलून नेताना किती जपतो, ते पाहावे. हे हृदयपरिवर्तन भाषणांतून सांगितलेले नाही. दुकानदार फेलिक्स आणि त्याची पत्नी आमेली यांनी टाकलेल्या सहज विश्वासाने ते हळूहळू घडते, आणि म्हणूनच ते पटते.

आदॉल्फ नावाचा विषारी साप आणि त्याचा छोटा पिंजरा यांवर सुरुवातीपासून नजर असू द्यावी. बेझिल रॅथबोन यांचा धनाढ्य नातेवाईक आंद्रे आल्यानंतर, पिंजऱ्यात काय आहे हे त्याला सांगायला कोणी जायचे, यावर तिघे इतक्या सभ्यपणे विचारविनिमय करतात, की उशीर हाच विनोद होऊन बसतो. येथे मृत्यू हसण्याचा विषय झाला आहे, हे खरे. परंतु दंश पडद्यावर दाखवलेला नाही. मुलांबरोबर पाहत असाल, तर या भागाविषयी आधी दोन शब्द बोलून ठेवावेत.

इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवणे बरे, कारण उस्तिनोव्ह पुष्कळ वाक्ये ओठांतल्या ओठांत म्हणतात. पहिल्यांदा पाहताना मध्ये थांबू नये. दुसऱ्यांदा पाहायचा असेल, तर नाताळच्या जेवणाचा प्रसंग निवडून पाहावा आणि फक्त जोसेफच्या चेहऱ्याकडे लक्ष द्यावे: घरातल्यांचे काय करायचे, हा बेत त्याच्या मनातून नेमका कोणत्या क्षणी सुटतो, ते बोगार्ट यांनी एकही शब्द न वापरता दाखवले आहे.