मेन्यूतून गायब झालेलं ॲप परत आणताना

लिनक्सवर एखादा प्रोग्राम इन्स्टॉल आहे, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) नाव टाइप केलं की उघडतोही, पण मेन्यूत त्याचा पत्ता नाही. अशा वेळी बहुतेक जण तो काढून पुन्हा इन्स्टॉल करतात आणि तरी काही फरक पडत नाही. कारण दोष बऱ्याचदा आपल्याच होम फोल्डरमध्ये असतो आणि पॅकेज मॅनेजर, म्हणजे ॲप्स बसवणारा-काढणारा प्रोग्राम, होमला हात लावत नाही.

मेन्यू ही कुठेतरी साठवलेली तयार यादी नसते. डेस्कटॉप ग्नोम असो, केडीई, सिनॅमन की एक्सएफसीई, सगळे ठरावीक फोल्डरांतल्या 'डॉट डेस्कटॉप' फाइली (ॲपचं नाव, आयकॉन आणि कमांड सांगणाऱ्या छोट्या टेक्स्ट फाइली) वाचून मेन्यू उभा करतात. सिस्टीमच्या फाइली यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये असतात, तुमच्या स्वतःच्या होममधल्या डॉट-लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर होममधली चालते, सिस्टीमची विचारातच घेतली जात नाही. (फोल्डरांची आणि ओळींची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत असतात आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळावाच लागतो.)

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. सेटिंग्जमधून एक नवा युजर तयार करून त्यात लॉगिन करा. तिथे ॲप दिसलं तर सिस्टीम ठीक आहे, गडबड तुमच्या होममध्ये आहे.

मग फाइल मॅनेजरमध्ये होम उघडून कंट्रोल-एच दाबा, म्हणजे लपलेले फोल्डर दिसतील. वर सांगितलेल्या फोल्डरमध्ये त्या ॲपची फाइल सापडली तर ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि 'नोडिस्प्ले=ट्रू' किंवा 'हिडन=ट्रू' अशी ओळ शोधा. मेन्यू एडिटरमध्ये एखाद्या नावापुढची खूण काढली की तो एडिटर अशीच प्रत होममध्ये करून ठेवतो. नंतर आपण ते विसरून जातो. फाइल उडवू नका, नावाच्या शेवटी 'डॉट बॅक' जोडा. सिस्टीमची मूळ फाइल लगेच वर येते. फाइलींमध्ये काहीच वावगं नसेल तर डॉट-कॉन्फिग/मेन्यूज फोल्डर बघा. मेन्यू एडिटर तिथेही बदल लिहितात, आणि तिथली फाइल बिघडली तर अख्खा विभागच नाहीसा होतो.

नव्या युजरलाही ॲप दिसत नसेल तर सिस्टीमची फाइल तपासा. 'ट्रायएक्झेक' ओळीत लिहिलेला प्रोग्राम जागेवर नसला की ॲप गुपचूप गाळलं जातं. 'ओन्लीशोइन' ओळीत फक्त केडीईचं नाव असेल तर ते ग्नोममध्ये दिसणारच नाही, आणि त्यात चूक काही नाही. 'कॅटेगरीज' ओळ नसेल तर ॲप गायब होत नाही, पण भलत्याच विभागात जाऊन बसतं. केडीईत 'लॉस्ट अँड फाउंड' बघा. डेस्कटॉपची भाषा मराठी केली असेल तर आणखी एक शक्यता: फाइलमध्ये मराठी नाव दिलेलं असलं की यादीत तेच दिसतं आणि ॲप वर्णक्रमात दुसरीकडे सरकतं.

एकाच वेळी सगळी फ्लॅटपॅक किंवा स्नॅप ॲप्स (नेहमीच्या पॅकेजांहून वेगळ्या पद्धतीने बसवलेली) गेली असतील तर एकेक फाइल तपासत बसू नका. डेस्कटॉप कोणते फोल्डर वाचेल हे 'एक्सडीजी_डेटा_डर्स' या व्हेरिएबलवर, म्हणजे सिस्टीमने लक्षात ठेवलेल्या फोल्डरांच्या यादीवर ठरतं. फ्लॅटपॅकसाठी त्यात व्हार/लिब/फ्लॅटपॅक/एक्सपोर्ट्स/शेअर हा पत्ता हवा. फ्लॅटपॅक नुकतंच बसवलं असेल तर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करणं पुरतं. तरी नाही आलं तर होममधल्या डॉट-प्रोफाइलमध्ये कुणी या व्हेरिएबलला नवी किंमत देऊन जुनी पुसली आहे का ते पाहा, आणि ती ओळ काढा.

ॲपइमेजचा, म्हणजे एकाच फाइलमध्ये येणाऱ्या ॲपचा, मामला वेगळा. ती नुसती डाउनलोड केल्याने मेन्यूत येत नाही, फाइल स्वतःच लिहावी लागते. आधी ॲपइमेजला एक्झिक्यूट परवानगी द्या. मग होममधल्या ॲप्लिकेशन्स फोल्डरात नवी 'डॉट डेस्कटॉप' फाइल करा. पहिली ओळ चौकटी कंसात 'डेस्कटॉप एन्ट्री', पुढे 'टाइप=ॲप्लिकेशन', 'नेम', 'एक्झेक' (कोणती फाइल चालवायची ते) आणि 'आयकॉन'. 'एक्झेक'मध्ये मुळापासूनचा पूर्ण पत्ता द्या. होमसाठी टिल्ड चिन्ह किंवा डॉलर-होम लिहिलं तर इथे चालत नाही. पत्त्यात स्पेस असेल तर तो दुहेरी अवतरणात घाला. फाइल सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) वापरून करू नका; ती रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या मालकीची होते आणि पुढे बदलता येत नाही.

फाइल नीट लिहिली आहे का, हे 'डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट' ही कमांड सांगते. ती 'डेस्कटॉप-फाइल-यूटिल्स' पॅकेजमध्ये मिळते. काहीच छापलं नाही तर फाइल बरोबर आहे. 'अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस' चालवण्याचा सल्ला जागोजागी दिला जातो, पण ती कमांड कोणती फाइल कोणत्या ॲपने उघडायची याची नोंद ताजी करते. मेन्यूशी तिचा संबंध नाही. बदल सहसा काही सेकंदांत दिसतो. केडीई प्लाझ्मा 6 मध्ये अडला तर 'केबिल्डसायकोका6' चालवा, एक्सएफसीईत 'एक्सएफसीई4-पॅनल' उणे आर देऊन. ग्नोममध्ये सरळ लॉगआउट करा, कारण ऑल्ट-एफ2 दाबून 'आर' टाइप करण्याची युक्ती वेलँड या स्क्रीनवर चित्र उभं करणाऱ्या यंत्रणेवर चालत नाही.