फिजिक्स मेजर करायचंय? पहिला कोर्स निवडताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाला एकच फिजिक्स नसतं, तीन-चार असतात. नोंदणीच्या वेळी त्यांची नावं इतकी सारखी दिसतात की मुलं वेळापत्रकात जो बसेल तो कोर्स घेऊन मोकळी होतात. फिजिक्समध्येच पदवी घ्यायची असेल, तर ही घाई फार महागात पडते.

“आधी सोपा करतो, मग अवघड”

सगळ्यात जास्त नुकसान या विचाराने होतं. सोपा म्हणजे अल्जिब्रावर आधारलेला कोर्स. तो मुख्यतः मेडिकलकडे किंवा जीवशास्त्राकडे जाणाऱ्यांसाठी असतो आणि त्यांच्यासाठी तो योग्यच आहे. पण त्यात कॅल्क्युलस वापरत नाहीत, त्यामुळे मेजरसाठी तो सहसा धरला जात नाही. वर्षभर मेहनत करून पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं. फिजिक्सचे कोर्स एकात एक अडकलेले असतात: मेकॅनिक्स, मग विद्युतचुंबकत्व, मग लहरी आणि मॉडर्न फिजिक्स, मग क्वांटम. सुरुवातीलाच एक वर्ष घसरलं की क्वांटम थेट चौथ्या वर्षात जातं. पीएचडीचे अर्ज त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या आसपास भरायचे असतात, म्हणजे ते भरताना क्वांटम जेमतेम सुरू झालेलं असतं.

मेजर करायचं अजून नक्की नसलं, तरी कॅल्क्युलसवाला कोर्सच घ्या. मन बदललं तर तो इंजिनिअरिंगला, रसायनशास्त्राला, बहुतेक सगळीकडे चालतो.

ऑनर्स घ्यावा की नाही?

ऑनर्स म्हणजे त्याच कोर्सची जास्त अवघड आवृत्ती. इथे मुलं दोन्ही बाजूंनी चुकतात. काहींना नुसतं नाव हवं असतं, तर काही उगाच घाबरतात. एमआयटीचंच बघा. तिथे मेकॅनिक्सचा नेहमीचा कोर्स ८.०१ आणि त्याचा अवघड भाऊ ८.०१२. पदवीसाठी असलेली फिजिक्सची सक्तीची अट दोन्हींनी सारखीच पूर्ण होते. म्हणजे नेहमीचा घेतला म्हणून फिजिक्सचा दरवाजा बंद होत नाही.

ठरवायचं कसं? कोरा कागद घ्या आणि हे गणित करा. एक गोळी दाट तेलात सोडली आहे. तेलाचा विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो. उत्प्लावक बल सोडून द्या. वेग काळाप्रमाणे कसा बदलेल? पहिली पायरी म्हणजे बलांचा हिशोब: वस्तुमान गुणिले प्रवेग म्हणजे वजन वजा विरोध. दुसरी पायरी म्हणजे त्यातून आलेलं डिफरन्शियल समीकरण सोडवणं. वेग आधी झपाट्याने वाढतो, मग वाढ मंदावते आणि शेवटी तो एका ठरावीक आकड्याजवळ स्थिरावतो.

दोन्ही पायऱ्या जमल्या आणि करताना मजा आली, तर ऑनर्स बिनधास्त घ्या. पहिली जमली पण दुसरीला अडलात, तर तुमचं फिजिक्स ठीक आहे, गणित मागे आहे. नेहमीचा कॅल्क्युलसवाला कोर्स घ्या आणि गणित पुढे रेटा. पहिलीच जमली नाही, तर ऑनर्सचा हट्ट धरू नका. नेहमीचा कोर्स नेमकं हेच शिकवायला आहे. आणखी एक करा: दोन्ही कोर्सचा गेल्या वर्षीचा तिसऱ्या आठवड्याचा होमवर्क मिळवून शेजारी शेजारी ठेवा. कोर्सच्या वर्णनातून जे कळत नाही ते त्यातून कळतं.

एपीचे गुण म्हणजे तयारी नव्हे

एपी म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षा. एपी फिजिक्स १ आणि २ मध्ये कॅल्क्युलस नाही, त्यामुळे त्यांच्या जोरावर मेजरचा कोर्स वगळायचा विचार सोडा. एपी फिजिक्स सी मध्ये कॅल्क्युलस आहे. तिथे ५ गुण (म्हणजे सगळ्यात जास्त) असतील तर काही विद्यापीठं क्रेडिट देतात, म्हणजे तो कोर्स झाला असं धरतात. पण क्रेडिट मिळालं म्हणून ते वापरलंच पाहिजे असं नाही. मेकॅनिक्स वगळायचं असेल, तर त्या कोर्सची जुनी फायनल घड्याळ लावून सोडवून बघा. विद्युतचुंबकत्व वगळताना दहादा विचार करा, कारण शाळेत ते बहुधा सममिती असलेल्या गोल आणि सरळ तारेपुरतंच घट्ट झालेलं असतं.

गणिताचं वेळापत्रक विसरणं

मेकॅनिक्सबरोबर पहिलं कॅल्क्युलस चालू असलं तरी बऱ्याच ठिकाणी निभतं. दुसऱ्या सत्रात गाऊसचा नियम येतो, पृष्ठभागावरचं इंटिग्रल येतं, आणि गणिताच्या वर्गात ते अजून शिकवलेलंच नसतं. सल्लागाराकडे जाताना फिजिक्स आणि गणित, दोन्हींचं दोन वर्षांचं वेळापत्रक एकाच कागदावर लिहून न्या. सल्लागारही फिजिक्स विभागातला गाठा. सगळ्या विषयांना मिळून असलेल्या सल्लागाराला हे बारकावे माहीत असतीलच असं नाही.

चुकीच्या वर्गात बसलोय, आता काय?

होमवर्क अवघड जातो म्हणजे वर्ग चुकला असं नाही. एका प्रश्नावर दोन तास जाणं ऑनर्समध्ये नेहमीचं आहे. पण उत्तर समोर ठेवूनही ते कुठून आलं हे कळत नसेल आणि सलग दोन आठवडे तसंच चालू असेल, तर त्याच दिवशी प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे मुलांना भेटायच्या त्यांच्या ठरलेल्या वेळेत, जा. बऱ्याच ठिकाणी ऑनर्समधून नेहमीच्या कोर्समध्ये उतरण्याची मुदत वर चढण्याच्या मुदतीपेक्षा लांब असते. ही तारीख पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. क्वार्टर पद्धतीत, म्हणजे जिथे सत्रं छोटी असतात तिथे, एका सत्राचं सगळं शिक्षण साधारण १० आठवड्यांत आटपतं, त्यामुळे तिथे तिसऱ्या आठवड्यापर्यंत निर्णय झालेला हवा.