लीक फोनचा फोटो खरा की फेक? अर्ध्या हळकुंडात पिवळं व्हायच्या आधी हे करून बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितला असेल तर माहितीय, व्यापारी नुसता ढीग बघून बोली लावत नाही, हळकुंड उचलतो, कट्कन मोडतो, आतला रंग बघतो आणि मग तोंड उघडतो. आणि हीच माणसं संध्याकाळी विश्रामबागला चहाच्या गाड्यावर बसली की येणाऱ्या फोनचा धुरकट फोटो बघून पाच सेकंदात निकाल देऊन मोकळी. "फेक हाय." झाला विषय.

मागच्या आठवड्यात पुतण्यानं असाच एक फोटो आणला, फोनची खालची बाजू, स्पीकरची भोकं, चार्जिंगचं भोक आणि मागं कॅमेऱ्याचा उंचवटा. माझ्या दोस्ताचं मोबाइल कव्हरचं दुकान आहे, तिथं काउंटरवर यावर दोन तास खल झाला. त्यातून आणि आधी खाल्लेल्या मारातून जी पद्धत बसलीय ती सांगतो.

1. खरं-खोटं नंतर, आधी फोटोत वस्तू काय आहे ते ठरवा

निम्मी भांडणं इथंच होतात. लीक म्हणून जे येतं ते दरवेळी फोन नसतंच. कधी खरा चालू प्रोटोटाइप (चाचणीसाठी बनवलेला नमुना) असतो, कधी दुकानात ठेवतात तसला न चालणारा डमी, कधी सीएडी फाइलवरून (म्हणजे मापासकट आराखड्यावरून) कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र, त्याला रेंडर म्हणतात, कधी नुसतं कव्हर नाहीतर टेम्पर्ड काच, कधी कुणा हौशी पोरानं काढलेलं स्वप्नातलं डिझाइन आणि आता एआयनं काढलेली चित्रं तर पोत्यानं.

आणि मुख्य गोष्ट, प्रश्न दोन आहेत. ही वस्तू खरी आहे का, हा एक. आणि हेच डिझाइन बाजारात येणार आहे का, हा दुसरा. एकाचं उत्तर हो आलं म्हणून दुसऱ्याचं हो येत नाही. 2011 साली आयफोन 5 येणार म्हणून मागून निमुळता होत जाणाऱ्या फोनची कव्हरं बनून विक्रीला आली होती. कव्हरं खरी, हातात घेता येतील अशी, पैसे मोजून घ्या. आणि ऑक्टोबरमध्ये ॲपलनं काढला आयफोन 4एस, दिसायला डिट्टो आधीच्या आयफोन 4 सारखा. वस्तू खरी, डिझाइन खोटं.

कव्हरवाल्यांना फोन यायच्या आधी माप लागतं, नाहीतर लाँचच्या दिवशी विकणार काय, म्हणून ते मिळेल त्या मापावर जुगार खेळतात. आम्ही पण खेळलोय. एका होलसेलवाल्यानं "माप कन्फर्म आहे" म्हणून 50 बॅक कव्हरं गळ्यात मारली, निम्मे पैसे माझे. फोन आला तेव्हा कॅमेऱ्याचा कटआउट दोन मिलिमीटर खाली. त्या पेटीवर आता दुकानातलं मांजर झोपतं.

2. फोटो कुठनं आला ते उलटं शोधत जा

फोटो गूगल लेन्स नाहीतर टिनआयवर टाका, तोच फोटो आधी कुठं आलाय ते तिथं सापडतं, जुन्यात जुनी तारीख बघा. बऱ्याचदा दोन वर्षांपूर्वीचं कुणाचं तरी कॉन्सेप्ट, म्हणजे मनानं काढलेलं डिझाइन, नवीन नावानं फिरत असतं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तपासायला घेऊ नका, तिथं फोटो दाबून लहान होतो आणि कधी कुठल्या कॅमेऱ्यानं काढला ही आतली माहिती पण निघून जाते, पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आतली माहिती असली तरी ती बदलता येते आणि नसली म्हणजे फेक असंही नाही, लीक करणारा स्वतःची नोकरी वाचवायला ती पुसणारच की.

3. पट्टी काढा

हे मला सगळ्यात आवडतं आणि हेच कुणी करत नाही. सी टाइप चार्जिंगच्या भोकाची रुंदी ठरलेली असते, साधारण 8.3 मिलिमीटर, कंपनी कुठलीही असो. म्हणजे फोटोत ते भोक समोरून दिसत असेल तर तुम्हाला फुकटात फूटपट्टी मिळाली.

आम्ही पुतण्याचा फोटो दुकानातल्या लॅपटॉपवर मोठा केला आणि त्याच्याच कंपासपेटीतली पट्टी स्क्रीनला लावली. भोक भरलं 12 मिलिमीटर, फोनची पूर्ण रुंदी 130. आता 130 गुणिले 8.3 भागिले 12, आलं जवळजवळ 90. दोस्त म्हणाला, "90 मिलिमीटर रुंद? अरे लेका हा फोन हाय का पोळपाट?" कारण सॅमसंगचा एस 24 अल्ट्रा, जो एका हातात मावत नाही म्हणून लोक कुरकुर करतात, तो 79 मिलिमीटर आहे.

पुतण्या पण काय कमी नाही. "काका, फोटो तिरका असेल तर?" बरोबर विचारलं. मग भोकापासून डावी कड आणि उजवी कड वेगळी मोजली, दोन्हीकडं 59. तिरका असता तर एक बाजू आखूड भरली असती. मग म्हणाला, कुणीतरी आडवा ताणला असेल. पण ताणला असता तर भोक पण तेवढंच ताणलं गेलं असतं, हिशोब तोच आला असता. म्हणजे चित्र काढणाऱ्यानं भोक अंदाजपंचे बसवलेलं. वस्तू खोटी, एवढं तरी नक्की. (डिझाइन खोटं असं मात्र अजून म्हणत नाही, काढणाऱ्यानं कुठंतरी ऐकून काढलं असेल.)

भोक दिसत नसेल तर फोटोत दुसरं काही ओळखीचं शोधा. एटीएम कार्ड 85.6 बाय 54 मिलिमीटर, दहा रुपयाचं नाणं 27. फक्त ती वस्तू फोनच्याच पातळीत ठेवलेली पाहिजे, मागं-पुढं असली की गणित गंडलं.

4. ही वस्तू चालू झाली तर चालेल का?

फोन म्हणजे शेवटी अँटेना, बॅटरी आणि लेन्स कोंबलेला डबा. धातूची कड असेल तर तिच्यात बारीक पट्ट्या पाहिजेतच, नाहीतर सिग्नल कुठनं जाणार. मागची बाजू सगळी धातूची आणि खाली "वायरलेस चार्जिंग" लिहिलंय, मग कायतरी गडबड आहे. झूमची मोठी लेन्स दाखवलीय आणि उंचवटा शून्य, तरी शंका घ्या. एआयच्या चित्रात बघायचं तर स्पीकरची भोकं मोजा, गोल आहेत का वितळल्यासारखी, फ्लॅशच्या बाजूची बारीक अक्षरं वाचता येतात का, आणि एकाच फोनचे दोन फोटो असतील तर दोन्हीत बटणं त्याच जागी आहेत का. दुसरा फोटो मागितला की बऱ्याच जणांची बोलती बंद होते.

आणि लोगो वेगळा आहे, नाव नाही, मागं बारकोडचं स्टिकर आहे म्हणून हसू नका, टेस्टिंगच्या फोनवर असलं असतंच.

5. "कंपनी असलं घाण डिझाइन करणारच नाही" हे वाक्य बंद

हा पुरावा नाही, ही तुमची आवड आहे.

2010 मध्ये कॅलिफोर्नियात रेडवूड सिटीच्या एका बारमध्ये ॲपलच्या इंजिनिअरकडून एक फोन राहून गेला. वरून जुन्या आयफोन 3जीएससारखं दिसणारं कव्हर घातलेलं, आत नवीन फोन. गिझमोडो नावाच्या वेबसाइटनं तो 5000 डॉलर मोजून घेतला आणि एप्रिलमध्ये फोटो छापले. तेव्हा कडेच्या स्टीलच्या पट्टीतल्या चिरा बघून कितीतरी लोक म्हणाले, ॲपल एवढं ढोबळ काम करणारच नाही, ही कुठलीतरी नक्कल आहे. जूनमध्ये आयफोन 4 आला, चिरांसकट. ती पट्टीच अँटेना होती आणि चिरा तिचे भाग वेगळे करायला. म्हणजे ज्या खुणेवरून लोक फेक म्हणत होते तीच खूण कामाची निघाली.

2018 ला परत तेच. गूगलचा पिक्सेल 3 एक्सएल लाँचच्या आधीच लोकांच्या हातात पोचला होता, वर स्क्रीनमध्ये एवढा मोठा नॉच (कापलेली खाच) की लोकांनी गोष्टच रचली, गूगल आपली चेष्टा करतंय, खरा फोन वेगळाच आहे. 9 ऑक्टोबरला स्टेजवर आला तो तोच, त्याच नॉचसकट. मी त्यावेळी चेष्टावाल्या पार्टीत होतो, कबूल करतो.

6. सांगणारा कोण, आणि बाकीचे कुणाचं ऐकून बोलतायत

दहा चॅनलनी दाखवलं म्हणजे दहा पुरावे होत नाहीत, दहाही जण एकाच रेंडरवरून बोलत असतात. सगळ्या फोटोत सावली, वॉलपेपर, कोन तोच असेल तर तो एकच पुरावा धरा. दुसऱ्या वाटेनं आलेली गोष्ट जास्त वजनाची. 2017 मध्ये ॲपलच्याच होमपॉड स्पीकरच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन आयफोनचं बाह्य रेषांचं चित्र सापडलं, वर कापलेल्या नॉचसकट, आणि आयफोन एक्स तसाच आला. असलं काही मिळालं की वाद मिटल्यात जमा.

नाव मोठं म्हणून डोळे झाकू नका पण. 2021 ला गाजलेल्या लीकवाल्याकडून ॲपल वॉचची सपाट कडांची रेंडर आली, सगळीकडं पसरली, सप्टेंबरमध्ये घड्याळ आलं ते गोलसर कडांचंच. उलट 2019 च्या जूनमध्ये पिक्सेल 4 ची रेंडर फिरायला लागल्यावर गूगलनं स्वतःच मागच्या बाजूचा फोटो टाकून दिला.

7. सरकारी याद्या

पटकन सांगतो. फोन विकायच्या आधी सरकारी नोंदणी लागते. आपल्याकडच्या बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) यादीत मॉडेल नंबर दिसला की लोक "डिझाइन कन्फर्म" म्हणून बोंब मारतात, त्यातनं फोन दिसतो कसा ते कळत नाही. चीनमधली अशीच नोंदणी करणाऱ्या टेनाच्या नोंदीत फोटो आणि माप मिळतं, ते बघा. अमेरिकेत हेच काम बघणाऱ्या एफसीसीत फोटो कंपनीच्या विनंतीवरून काही काळ झाकून ठेवतात, पण लेबलच्या कागदावर कधी कधी मागच्या बाजूचा आकार सापडतो.

8. दावा तुकड्यात लिहा

"खरा" किंवा "फेक" असं एक उत्तर देऊ नका, त्यानं नुसता आवाज वाढतो. कागदावर वेगवेगळं लिहा. वस्तू काय. कॅमेऱ्याची जागा. बटणं. कडा. प्रत्येकापुढं खात्री किती आणि काय दिसलं तर मत बदलेन. खाली तारीख. फोटोची मूळ फाइल पण ठेवा, लाँचनंतर शेजारी लावून बघायला.

आमचा कागद दोस्ताच्या गल्ल्यात आहे. त्यावर लिहिलंय: फोटो खऱ्या वस्तूचा नाही, बनवलेलं चित्र, खात्री पक्की. कॅमेरा आडवा, निम्मी खात्री, कारण दुसरीकडच्या एका डमीत पण आडवाच दिसलाय. बटणांबद्दल पुतण्या आणि माझं जमलं नाही म्हणून दोघांची वेगळी सही. हरेल त्यानं सगळ्यांना भडंग. दोस्तानं सही केली नाही, म्हणाला मी आधीच पेटीभर हरलोय.