माठाच्या भाजीच्या वाणांची चाचणी घेताय? या चुका टाळा

एका सकाळी वीस वाण कापायचे, वजनं टिपायची आणि संध्याकाळी संगणकातून आनुवंशिकता (वाणांमध्ये दिसणाऱ्या फरकातला जनुकांमुळे आलेला वाटा) काढून मोकळं व्हायचं, या घाईतून निघालेले आकडे कचऱ्यात टाकायच्या लायकीचे असतात.

सगळ्यात महाग पडते ती कापणीच्या क्रमातली चूक. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. कापलेला माठ बघता बघता मान टाकतो. तरी सोयीचं म्हणून पोरं पहिल्या वाणाचे तिन्ही वाफे आधी कापतात, मग दुसऱ्याचे. शेवटच्या वाणापर्यंत पोचायला अकरा वाजतात. दोन किलोच्या वाफ्यातून दहा टक्के पाणी उडालं की दोनशे ग्रॅम गेले, आणि तेही तिन्ही पुनरावृत्तींत (प्रत्येक वाणाचा एकेक वाफा असलेल्या संचांत) जवळपास सारखेच. त्यामुळे ही तूट प्रायोगिक त्रुटीत, म्हणजे एकाच वाणाच्या वाफ्यांमधल्या चढउतारात, दिसत नाही, थेट वाणांमधल्या फरकात जमा होते. आनुवंशिकता फुगते, सगळे खूश! मोजलेलं असतं ते ऊन. म्हणून एक पुनरावृत्ती पूर्ण कापून, तोलून झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. काटा बांधावरच हवा. आठच्या आत उरकत नसेल तर रोज एकच पुनरावृत्ती घ्या.

पेंड्या मोजून उत्पादन लिहू नका. पेंडी बांधणाऱ्याच्या मुठीवर ठरते. मुळासकट उपटलंत तर काळी मातीही काट्यावर चढते.

बी बारीक वाळूत मिसळून ओळीत पेरा आणि दहा-बारा दिवसांनी विरळणी करून सगळ्या वाफ्यांत रोपं सारखी ठेवा. विरळणीचा कंटाळा करणाऱ्यांनी पानांची संख्या मोजूच नये, कारण ती वाणाची नसते, दाटीची असते.

दहा रोपांची पानं आणि खोड वेगवेगळं तोला. नाहीतर खोडाच्या जोरावर उंच वाण पहिला येतो आणि उंचीचा उत्पादनाशी दांडगा सहसंबंध सापडल्याचा आनंद होतो.

आनुवंशिकता साठ टक्क्यांवर गेली म्हणून नाचू नका. अपेक्षित जनुकीय प्रगती, म्हणजे निवडीमुळे पुढच्या पिढीत होऊ शकणारी वाढ, सरासरीच्या दहा टक्क्यांखाली असेल, तर निवडीतून फारसं हाती लागत नाही. शिवाय एकाच हंगामाच्या आकड्यात वाण आणि हंगामाची आंतरक्रिया, म्हणजे हंगामागणिक वाणांचा क्रम बदलणं, दडलेली असते. लहान दिवसांत माठ लवकर फुलोऱ्यावर येतो. उन्हाळ्यातला पहिला नंबर थंडीत टिकेलच असं नाही.

राहिलं बी. माठ बराचसा स्वपरागित असला तरी वाऱ्यानं संकर होतोच. फुलं उमलण्याआधी कणसाला कागदी पिशवी बांधा. हिरव्या वाणात लालसर रोपं दिसली तर भेसळ निदान कळते. हिरव्याला हिरव्याचा पराग लागला, तर नजरेला काहीच दिसत नाही.