‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हटल्यावर पुढे काय करायचं

रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ एवढाच, की ज्या चाचण्या केल्या त्यांत काही सापडलं नाही. सहा महिने अंग दुखतंय, दुपारी हातपाय गळून जातात, पाखाडीच्या दहा पायऱ्या चढल्या की छाती धडधडते, आणि सोनोग्राफी मात्र स्वच्छ. मग आपल्या कोकणातला माणूस डॉक्टर बदलतो. तालुक्याचा झाला, जिल्ह्याचा झाला, आता कोल्हापूर. तिथे तीच कहाणी पहिल्यापासून, त्याच चाचण्या, तेच उत्तर. डॉक्टर बदलण्याआधी आपण त्यांना सांगतो काय, ते बदलून पाहा.

त्याआधी एक गाळणी. पुढचं काही असेल तर खाली सांगितलेली वही लिहीत बसू नका, आठवड्याच्या आत दाखवा: न ठरवता वजन उतरणं (सहा-बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो), तीन आठवड्यांहून लांबलेला ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, शौचातून रक्त, नवीन गाठ. एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा काम करताना शुद्ध हरपली, तर त्याच क्षणी १०८ ला फोन.

पित्त, वात, अशक्तपणा

हे तीन शब्द तपासणीच्या खोलीबाहेर ठेवून आत जा. ही लक्षणं नव्हेत, आपणच आधी काढलेले निष्कर्ष आहेत, आणि प्रत्येकाचे अर्थ तीन-चार. ‘पित्त झालंय’ म्हणजे घशाशी आंबट पाणी येतं, की अर्धं डोकं ठणकून उलटी होते, की अंगावर खाजऱ्या गांधी उठतात? पहिलं ॲसिडिटीकडे जातं, दुसरं अर्धशिशीकडे, तिसरं ॲलर्जीकडे. ‘पित्त’ ऐकून घाईतला डॉक्टर ॲसिडिटीची गोळी लिहितो आणि अर्धशिशी दोन वर्षं तशीच राहते. ‘वात’ म्हटलं की सांधा सुजतो, की पोटरीत गोळा येतो, की पोट फुगतं, हे सांगा. ‘अशक्तपणा’ सगळ्यांत फसवा. दम लागतो का? बसल्या जागेवरून हात न टेकता उठता येत नाही का? झोप येत राहते का? की कशातच मन लागत नाही? चौघांच्या वाटा चार.

चक्करचंही तसंच. घर गरगर फिरलं तर कान तपासायचा. उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली तर रक्तदाब आणि नाडी. चालताना तोल जातो, पण बसलं की काही नाही, तर पायांच्या नसा आणि बी-१२.

‘कधीपासून?’ याला ‘बरेच दिवस झाले’ हे उत्तर नको. तारीख आठवत नसेल तर सणावरून पकडा: गणपतीला आरत्यांना रात्री जागता आलं होतं का, भाताच्या लावणीत चिखल केला होता का, शिमग्याला पालखीबरोबर चालला होतात का. शेवटचं नीट जमलेलं काम आणि पहिलं न जमलेलं काम, या दोहोंच्या मध्ये सुरुवात सापडते. तिच्या आसपास काय झालं होतं तेही लिहा: ताप, बाळंतपण, नवी गोळी, नवं काम.

तीन आठवड्यांची वही

शंभर पानी वही, दिवसाला दोन ओळी, तीन आठवडे. झोपेचे तास, केलेलं काम, सगळ्यांत त्रासाची तीन लक्षणं ० ते १० मध्ये, घेतलेल्या गोळ्या, बायकांसाठी पाळीचा दिवस. उदाहरणार्थ:

‘१४: झोप ६ तास. सकाळी विहिरीवरून ८ कळश्या, कपडे धुतले. दिवसभर ठीक, दुखणं ३.
१५: उठतानाच अंग दगडासारखं. दुखणं ७, डोकं जड. जेवण केलं नाही, आडवी.’

या दोन ओळींत जे दिसतं ते ‘अंग दुखतं’ म्हणण्यात कधीच दिसलं नसतं: त्रास कामाच्या वेळी होत नाही, दुसऱ्या दिवशी येतो. श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी कोसळणं ही डॉक्टरला मुद्दाम सांगायची गोष्ट आहे. तीन आठवड्यांपेक्षा जास्त मात्र लिहू नका. रोज स्वतःला गुण देत बसलं की दुखण्याकडेच कान लागतो.

आता या वहीचा एका पानात सार काढा. वर वय, जुने आजार, चालू औषधं. मग सुरुवात, मुख्य तीन लक्षणं, काय केल्याने वाढतं-कमी होतं, झालेल्या चाचण्या तारखेसकट. शेवटी एक वाक्य: आज कोणती गोष्ट करता येत नाही. ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. चाळीस कागदांची पिशवी त्यात कुणी उघडत नाही, एक पान वाचलं जातं.

गावाचा आणि धंद्याचा माग

जिल्ह्याबाहेरच्या डॉक्टरला हे सुचेलच असं नाही, तुम्हीच सांगा. आंब्याच्या मोहोरावर फवारणी करत असाल आणि त्याच दिवसांत डोकेदुखी, घाम, तोंडाला पाणी सुटणं, छाती आवळणं होत असेल, तर औषधाच्या डब्याच्या लेबलचा फोटो न्या. काही कीटकनाशकांचा परिणाम कोलिनेस्टरेज या रक्तचाचणीत दिसतो, पण ती लवकर करावी लागते. चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर सांधेदुखी महिनोन् महिने राहू शकते. गाईम्हशींची वीण हाताने करत असाल किंवा कच्चं दूध पीत असाल, आणि ताप येऊन-जाऊन राहत असेल, तर ब्रुसेलोसिसचं (जनावरांकडून माणसाला होणाऱ्या आजाराचं) नाव काढा. हातापायाला मुंग्या आणि अंगावर एखादा फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. लाजू नका, औषधाने बरा होतो.

चाचण्या कुठे बिघडतात

पहिल्या फेरीत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर किंवा सीआरपी (अंगातला दाह), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), एसजीपीटी (यकृत), कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि लघवी, एवढं पुष्कळ. ‘फुल बॉडी’ पॅकेज घेऊ नका. साठ आकड्यांत दोन-तीन इकडेतिकडे येणारच, आणि मग त्यांच्याच मागे वर्ष जातं. अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडीचंही (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली का, हे पाहणाऱ्या चाचणीचंही) असंच. १:४० या पातळीला ती निरोगी माणसांतही चारात एकाच्या आसपास सापडते. विडाल या एकाच रक्तचाचणीवर टायफॉईडचा शिक्का मारून घेऊ नका.

तालुक्यातल्या कलेक्शन सेंटरवर दिलेलं रक्त संध्याकाळच्या गाडीने कुठे जातं ते विचारा. साधी नळी तासन्‌तास तशीच राहिली तर पेशी साखर खाऊन टाकतात आणि आकडा खोटा कमी येतो. साखरेचं रक्त राखाडी टोपणाच्या नळीत घेतलं का ते पाहा. नमुना हिंदकळून पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं. शंका असेल तर यंत्र जिथे आहे तिथेच जाऊन रक्त द्या.

बी-१२ तपासायचंय आणि आदल्याच आठवड्यात ‘ताकदीचं इंजेक्शन’ घेतलंय, तर त्या आकड्याला अर्थ नाही. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो, म्हणून दोन-तीन दिवस आधी थांबवा. थायरॉइडची गोळी त्या सकाळी रक्त दिल्यावर घ्या. गहू न सोसण्याच्या सीलिॲक आजाराची शंका असेल तर चपाती सोडण्याआधी तपासा, कारण भातावर राहून केलेली सीलिॲकची चाचणी नॉर्मल दाखवू शकते.

बिननावाच्या पुड्या सगळ्यांत वाईट. दोन दिवसांत चमत्कार झाला तर आत स्टेरॉइड असल्याची दाट शंका घ्यावी. त्याने सूज दबते, साखर वाढते आणि खरा आजार झाकला जातो. बरेच आठवडे घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

घरी करायची एक चाचणी

उभं राहिल्यावर त्रास असेल तर ही करा. रक्तदाबाचं यंत्र हवं, जवळ माणूस हवा. सकाळी, चहाआधी, पंख्याखाली १० मिनिटं आडवं पडा आणि दाब व नाडी लिहा. मग भिंत पाठीशी ठेवून उभे राहा. १, ३, ५ आणि १० व्या मिनिटाला पुन्हा मोजा. बोलू नका, पाय हलवू नका. भोवळ आली तर लगेच आडवं व्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, अथवा दाब न उतरता नाडी ३० ठोक्यांनी (१२ ते १९ वयात ४०) वाढून तशीच राहिली, तर तो कागद फिजिशियनला दाखवा. रक्तक्षय, ताप, पाणी कमी पडणं आणि दाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांनीही हे होतं. मीठ घातलेली पेज किंवा कोकम सरबत बऱ्याच जणांना सोसतं. उच्च रक्तदाब वा मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको.

कुठे, कोणाकडे

सगळं एकत्र बघणारा एक फिजिशियन धरा, बाकीचे तज्ज्ञ त्यांच्या चिठ्ठीवर. रत्नागिरी, ओरोस (सिंधुदुर्ग) आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांशी आता वैद्यकीय महाविद्यालयं जोडली आहेत. चिपळूणकडच्यांना डेरवणचं रुग्णालय जवळ, सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय. दुर्मीळ आनुवंशिक आजाराची शंका असेल तर मुंबईचं केईएम हे त्यासाठीचं केंद्र आहे. रात्रीच्या गाडीने जाऊन थेट रांगेत उभं राहू नका. प्रवासाने थकलेल्या अंगाचा दाब आणि नाडी रोजची नसते. जमलं तर एक दिवस नातेवाइकांकडे पडून राहा.

उठताना तीन प्रश्न विचारा: तुम्हाला काय वाटतं? काय नाही हे कशावरून ठरलं? काय झालं तर परत यायचं? ‘टेन्शन आहे’ म्हणाले तर चिडू नका, तेही तपासून घ्या (१४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं), पण बाकीची तपासणी थांबवू नका. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर खुशाल घाला, गोळी चुकवू नका.

नाव सापडेपर्यंत

बरं वाटलं त्या दिवशी आठवड्याचं काम उरकणं, हीच सगळ्यांची चूक. कामाचं माप वाईट दिवसावरून ठरवा. आठ कळश्यांऐवजी सकाळी तीन, संध्याकाळी तीन. खोबऱ्याचं वाटप, भाजी चिरणं स्टुलावर बसून. पायऱ्यांच्या मध्यावर, दम लागण्याआधी थांबा. ‘तुका काय धाड भरली?’ म्हणणाऱ्या घरच्यांना वहीतल्या त्या दोन ओळी दाखवा. वाद घालण्यात गेलेली ताकद परत मिळत नाही.

रुग्णालयात भरती झाला असाल तर केसपेपरची प्रत मागा. लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावी असा डॉक्टरांसाठी नियम आहे. ईसीजीची पट्टी उष्णतेवर उमटणाऱ्या कागदाची असते, वर्ष-दोन वर्षांत पुसट होते. तिची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. पावसाळ्याआधी सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलवर घ्या आणि फाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवा, चुलीवरच्या माळ्यावर नको.