सीताफळावरचा मिलीबग आणि मुंग्यांचा पहारा

पुरंदरमधल्या आमच्या सीताफळाच्या बागेत मिलीबग (पिठ्या ढेकूण) दोन वर्षं हटत नव्हता. फळांच्या खाचांत पांढरा थर, खाली पानांवर त्यानं सोडलेला गोड चिकटा आणि त्यावर काजळी (काळी बुरशी). फवारण्या बऱ्याच केल्या, पण अंगावरच्या मेणामुळे औषध आतपर्यंत पोचतच नव्हतं.

मग मिलीबग खाणारे क्रिप्टोलिमस ढालकिडे आणले. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्येच आलेला. संध्याकाळी झाडामागे दहा-दहा सोडले. आठवड्यानंतरही काही फरक दिसेना. नीट पाहिलं तर खोडावर मुंग्यांची रांग. चिकट्यासाठी त्या मिलीबग राखतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. खरी अडचण तीच होती. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, बुंध्याभोवतीचं तण काढलं, खोडाला प्लॅस्टिकची पट्टी बांधून वर ग्रीस लावलं. ग्रीस थेट सालीवर लावू नका, साल खराब होते.

पुन्हा किडे सोडले. तीन आठवड्यांनी मिलीबग वाढल्यासारखाच दिसला आणि मी पंप भरायला निघालो! आईनं हाक मारली, "अरे, हे चालतायत बघ." ढालकिड्याची अळीही पांढरीच, मेणाच्या दोऱ्यांची, पण ती मोठी असते आणि झपाझप चालते. फवारलं असतं तर आपलेच किडे मेले असते.

दीड महिन्यात नवी फळं स्वच्छ दिसू लागली. आता किडे बागेत असेपर्यंत कीटकनाशक बंद, आणि ग्रीसवर धूळ बसली की नवा थर.